काचेतला शेजार

रविवारी सकाळी कुर्ल्याच्या पश्चिमेला शोभेच्या माशांचा बाजार भरतो. भावाची घासाघीस उरकली की गिऱ्हाइकाचा एक प्रश्न ठरलेला असतो, 'ये साथ में रहेगा ना?' मराठी माणूसही तिथे हिंदीत शिरतो आणि उत्तरही हिंदीतच येतं, 'हाँ हाँ, सब साथ में चलता है.' तोवर जाळी पाण्यात गेलेली असते. प्लॅस्टिकच्या पिशवीत थोडं पाणी, त्यात दोन एंजल, दोन टायगर बार्ब, दोन गोल्डफिश, दोन 'शार्क' आणि काच साफ ठेवायला म्हणून एक सकर. सिलिंडरच्या नळीतून प्राणवायू सोडायचा, तोंडाला पीळ देऊन रबरबँडचे वेढे मारायचे, की टम्म फुगलेली पिशवी पोराच्या हातात.

त्या पिशवीतले एंजल आणि सकर मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचे, टायगर बार्ब सुमात्रा-बोर्निओकडचे, गोल्डफिश चीनमधल्या थंड पाण्याच्या कार्पपासून माणसाने शेकडो वर्षांत घडवलेला आणि शार्क म्हणून विकला जाणारा पंगास मेकाँग नदीतला. एकाला गार पाणी हवं, दुसऱ्याला कोमट. एकजण दिवसभर पळणारा, दुसरा संथ. एकजण बोटभर राहणार, दुसरा वर्षभरात हातभर होणार. घरी आल्यावर आठवडाभर सगळं ठीक दिसतं, कारण नव्या जागी भेदरलेला मासा भांडत नाही. खरा स्वभाव नंतर उघडा पडतो.

ठाण्यातल्या एका घरी हे मी जवळून पाहिलं. तीन फुटी टाकीत दोन एंजल आणि चार टायगर बार्ब होते. एंजलच्या पोटाखाली दोन लांब, दोऱ्यासारखे पर असतात. पोहताना ते मागे तरंगत राहतात. बार्ब समोरून येत नव्हता. तो खालून, मागच्या बाजूने यायचा, दोऱ्याचं टोक तोंडात धरून झटका द्यायचा आणि एंजल वळेपर्यंत टाकीच्या दुसऱ्या टोकाला गेलेला असायचा. मिनिटभराने दुसरा. मोठ्या एंजलचा एक दोरा निम्मा उरला होता आणि तुटल्या जागी कापसासारखी पांढरी बुरशी धरली होती. तो फिल्टरमागच्या कोपऱ्यात तोंड वर करून उभा होता आणि दाणे समोरून खाली जात असतानाही तोंड उघडत नव्हता. घरातल्या काकूंनी बुरशीचं औषध आणून ठेवलं होतं. पाणी स्वच्छ होतं, फिल्टर चालू होता, खाणं वेळेवर होतं. त्या घरात कशाचीही हयगय झालेली नव्हती. मासेच चुकीचे एकत्र आले होते आणि त्यावर बाटलीतलं औषध चालत नाही.

घरातले मासे मरतात तेव्हा आपण पाण्याला, खाण्याला, फार तर हवेच्या पंपाला दोष देतो. निवड मात्र दुकानात उभ्या उभ्या, रंग बघून, पाच मिनिटांत केलेली असते. माझं म्हणणं असं आहे की टाकीचं पुढचं सगळं आयुष्य त्या पाच मिनिटांत ठरतं, आणि आपल्याकडची 'प्रत्येकाची एक जोडी' घेण्याची पद्धत त्यातली सगळ्यात मोठी चूक आहे.

मध्यम टाकी म्हणजे दोन ते चार फूट लांबीची असं मी इथे धरतो आहे. दिवाणखान्यात हीच असते. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच टाकीत काठोकाठ भरलं तर साधारण 56 लिटर पाणी मावतं. तीन फूट लांब, फूटभर रुंद, सव्वा फूट उंच टाकीत 106 लिटर. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि तेवढीच उंच असेल तर सुमारे 255 लिटर. खाली खडी-वाळू टाकली, वरून दोन बोटं जागा सोडली की प्रत्यक्षात यातलं दहा-पंधरा टक्के पाणी कमी धरायचं. लिटरइतकाच पृष्ठभागही महत्त्वाचा आहे, कारण प्राणवायू पाण्यात शिरतो तो तिथून. म्हणून उंच, अरुंद टाकी दिसायला देखणी असली तरी तितक्याच पाण्याच्या लांब-रुंद टाकीएवढे मासे ती पोसू शकत नाही. पळणाऱ्या माशाला तर लांबीच लागते.

किती मासे ठेवायचे यासाठी एक जुना हिशेब सांगतात, गॅलनमागे एक इंच मासा. लहान टेट्रांपुरता तो कसाबसा चालतो, पुढे फसवतो. मासा लांबीला दसपट झाला की रुंदीला आणि जाडीलाही दसपट होतो. त्याच बांध्याचा दहा इंची मासा एक इंची माशाच्या दहापट नाही, जवळपास हजारपट वजनाचा असतो. खातो आणि पाणी घाण करतो तेही दहापटीहून कितीतरी जास्त. एक इंचाच्या दहा निऑनची जागा दहा इंची ऑस्करला पुरेल असं मानणं म्हणजे त्याला त्याच्याच घाणीत कोंडणं.

दुकानात दिसतो तो मासा पोरवयातला असतो, हे लक्षात ठेवलं तर अर्ध्या चुका टळतात. काळसर-रुपेरी, टोकदार पराचा, दोन-अडीच इंची 'शार्क' सगळ्या मुलांना आवडतो. तो शार्क नाही, पंगास आहे. नदीत तो सव्वा मीटरच्या पुढे जातो आणि 44 किलोपर्यंत भरल्याची नोंद आहे. हॉटेलात 'बासा' म्हणून ताटात येणारा तुकडा बहुतेक वेळा याच माशाचा असतो. स्वभावाने तो भित्रा आणि थव्याने राहणारा. तीन फुटी टाकीत तो दचकला की नाक फुटेपर्यंत काचेवर आदळतो. सकरचं तसंच. बोटाएवढा आणतो तो फूटभराच्या पुढे जातो. शेवाळ तो लहानपणी खातो, मोठेपणी त्याकडे फारसं बघत नाही आणि विष्ठा मात्र भरपूर करतो. रात्री दिवा मालवला की गोल्डफिशसारख्या संथ, रुंद अंगाच्या माशाला चिकटून त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतो. सकाळी गोल्डफिशच्या कुशीवर लाल चट्टा दिसतो आणि आपण रोगाचं औषध शोधत बसतो. बदामी रंगाचा 'अल्गी ईटर' वयात आला की त्याचंही हेच. काच साफ ठेवायला मासा आणायचा नसतो. चुंबकाचा ब्रश मिळतो.

खरं तर निवडीची सुरुवात दुकानात करूच नये. ती घरातल्या नळापाशी करावी. मुंबई महापालिकेचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा डोंगरातल्या पावसाळी तलावांचं. ते मृदू असतं, क्षार फार कमी. असं पाणी टेट्रा, रासबोरा, एंजल, गुरामी यांना मानवतं. त्याच शहरात सोसायटीने बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी मिसळलं की चित्र पालटतं. पुणे, सोलापूर, मराठवाडा, विदर्भात तर कित्येक घरांत बोअरचंच पाणी, बेसाल्टच्या भेगांतून आलेलं, जड, बादलीला पांढरा थर धरणारं. त्या पाण्यात निऑन टेट्रा आणून पाच दिवसांनी हळहळण्यात अर्थ नाही. पण मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल, गप्पी ही पिल्लं घालणारी मंडळी त्याच पाण्यात खुशाल राहतात. मोलीला तर मुंबईच्या मृदू पाण्यातच त्रास होतो. ती जागच्या जागी हेलकावत राहते, पर मिटून घेते. क्षार मोजायचं पेनाएवढं यंत्र स्वस्तात मिळतं. तेही नसेल तर आपल्या किटलीच्या तळाशी किती थर धरतो ते पाहावं.

जड पाणी सहसा अल्कधर्मी असतं आणि तिथे आणखी एक धोका दडलेला असतो. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सुटतो. पाण्यात त्याची दोन रूपं असतात, एक जवळजवळ निरुपद्रवी, दुसरं जहाल. 25 अंश तापमानाला, पाण्याचा सामू (पीएच) 7 असेल तर जहाल रूपाचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. सामू 8 झाला की तोच वाटा पाच टक्क्यांवर जातो. घाण तितकीच, विष दहापट. म्हणून बोअरच्या पाण्यावर टाकी चालवणाऱ्याने मासे मोजकेच ठेवावेत. पाणी उन्हाळ्यात तापलं की हा वाटा आणखी वाढतो.

आपल्या उन्हाळ्याबद्दल परदेशी पुस्तकं काही सांगत नाहीत. तिथली सगळी चिंता पाणी गरम ठेवण्याची. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत मुंबईतल्या बंद घरातली टाकी सहज 31-32 अंशांवर जाते. पाणी तापतं तसा त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो आणि माशाची गरज मात्र वाढते. निऑन टेट्राला 22 ते 26 अंश हवेत. मुंबईत दर मे महिन्यात निऑन का मरतात याचं उत्तर एवढंच आहे. त्याचाच भाऊबंद कार्डिनल टेट्रा रिओ निग्रोच्या कोमट, काळसर पाण्यातला. पोटाखालची लाल पट्टी डोक्यापासून शेपटीपर्यंत सलग गेलेली असली की तो कार्डिनल, अर्ध्यावरून सुरू झाली की निऑन. कार्डिनल 28-29 अंश सहज सोसतो. थोडा महाग पडतो, पण कोकणपट्टीत राहणाऱ्याने निऑनचा हट्ट धरूच नये. उलट नाशिक-पुण्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पाणी 20 अंशांखाली उतरतं. तिथे कोमट पाण्याच्या माशांना हीटर हवा.

गुरामी इथे मला फार मोलाचे वाटतात. त्यांच्या डोक्यात कल्ल्यांवर चक्रव्यूहासारखा एक अवयव असतो. ते पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतात आणि त्यातून श्वास चालवतात. वीज गेली, पंप बंद पडला, पाणी तापलं, तरी गुरामी तग धरतो. मधाळ रंगाचा हनी गुरामी तर आपल्याच उपखंडातला, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. फ्रान्सिस हॅमिल्टनने 1822 साली गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं. प्रयोगशाळांत जगभर गेलेला झेब्रा डॅनिओही त्याच ग्रंथातला. हनी गुरामीचे पोटाखालचे दोन पर धाग्यासारखे आणि स्पर्शाने जग ओळखणारे. नवा दगड, नवी वनस्पती, नवा शेजारी, प्रत्येकाला तो आधी त्या धाग्याने हलकेच शिवतो. इतक्या सौम्य माशाबरोबर टायगर बार्ब किंवा धसमुसळा डॅनिओ ठेवणं अन्यायाचं आहे. डॅनिओ कोणाला चावत नाही, पण दाणे पडताच झडप घालून संपवतो आणि गुरामी उपाशी राहतो. जमणं-न जमणं हे चावण्यापुरतं नसतं. घास कोणाच्या वाट्याला येतो हेही त्यातच आलं.

आता जोडीबद्दल. बाजारात भाव जोडीचा सांगतात, त्यामुळे आपणही जोडीनेच विचार करतो. चार फुटी टाकीत दहा जातींच्या दहा जोड्या घातल्या की टाकी भरल्यासारखी, रंगीबेरंगी वाटते. पण टेट्रा, बार्ब, रासबोरा, डॅनिओ, कोरिडोरास ही थव्याने जगणारी जनावरं आहेत. थव्यात त्यांची आपसांत उतरंड ठरते, लहानमोठ्या कुरबुरी एकमेकांत वाटल्या जातात, आणि चहूबाजूंनी आपलेच असल्यामुळे भीती कमी राहते. दोनच असले की एकतर दोघेही दडून बसतात किंवा एकजण दुसऱ्याला छळून मारतो. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निऑन टेट्रा, व्हाइट क्लाउड, टायगर बार्ब आणि एंजल यांना एकटे, दोन, पाच आणि दहाच्या गटांत ठेवून पाहिलं होतं. निऑन आणि व्हाइट क्लाउडमधली आपसातली भांडणं मोठ्या गटात कमी झाली. टायगर बार्ब पाळणाऱ्यांचा अनुभवही असाच आहे. आठ-दहा बार्ब एकत्र असले की दिवसभर ते एकमेकांच्याच पाठी लागतात आणि इतरांना त्रास कमी होतो. तरीही लांब, लोंबत्या परांचा मासा त्यांच्यात सोडायचा नाहीच.

म्हणजे तीन फुटी टाकीत तीनच जाती पुरेत, चार झाल्या तर पुष्कळ. गिऱ्हाइकाला हे पटवणं कठीण जातं. दुकानातल्या भिंतीवर शंभर रंग असतात आणि घरी नेऊन त्यातले तीन बघायचे, ही कल्पनाच उदास वाटते. पण एकदा बारा हार्लेक्विन रासबोरा एकत्र पाहा. तांबूस अंग, मागच्या अर्ध्या भागावर काळा त्रिकोण. दाणे टाकण्याच्या वेळी सगळा थवा एकदम वळतो आणि बारा त्रिकोण एकाच दिशेने फिरतात. पाणी मृदू असेल, रुंद पानांची क्रिप्टोकोरीन लावली असेल, तर एखाद्या सकाळी मादी उलटी होते, पोट वर करून पानाच्या खालच्या बाजूला घासत जाते आणि नर तिच्या अंगाला वेढा देतो. अंडी पानाच्या पोटाला चिकटतात. चोवीस तासांच्या आत थव्यातलीच मंडळी ती बहुधा फस्त करतात, पण हे वागणं ज्या टाकीत दिसतं तिथे मासे नुसते जिवंत नसतात, नांदत असतात. जोडीजोडीच्या गर्दीत हे कधी दिसणार नाही.

मृदू पाण्याच्या घरात, तीन फुटी टाकीसाठी मी काय घेईन ते सांगतो. मधल्या पाण्यात बारा कार्डिनल किंवा बारा हार्लेक्विन, दोन्ही नाही. वरच्या अंगाला तीन हनी गुरामी, त्यात एकच नर. तळाशी सहा कोरिडोरास आणि त्यांच्यासाठी खडीऐवजी बारीक, गोल कणांची वाळू. कोरिडोरास मिशांनी तळ उकरून खातो, टोकदार खडीवर त्या मिशा झिजून जातात. दुकानात याला तळाची घाण खाणारा म्हणून विकतात. तो घाण खात नाही, त्याला बुडणारं, स्वतःचं खाणं लागतं. दोन फुटी टाकी असेल तर आठ-दहा हार्लेक्विन आणि एक हनी गुरामी, एवढ्यावर थांबावं.

जड पाण्याच्या घरात मार्ग वेगळा आणि सोपा. प्लॅटी आणि गप्पी एकत्र, किंवा मोली आणि स्वोर्डटेल एकत्र. नरामागे दोन-तीन माद्या असाव्यात, नाहीतर नर मादीच्या पाठी लागून तिला दम खाऊ देत नाहीत. गप्पीची ओळख महाराष्ट्राला नव्याने करून द्यायला नको. डासांच्या अळ्या खातो म्हणून हिवताप विभाग आणि महापालिका हा मासा विहिरी-हौदांत सोडतात, त्याची पैदास केंद्रं चालवतात. साधारण महिन्याला मादी पिल्लं घालते, आणि एकदा नराशी संग झाला की पुढे नराशिवायही कित्येक महिने घालत राहते. म्हणून ज्याला पिल्लांची सोय लावता येणार नाही त्याने फक्त नर ठेवावेत. रंग तसेही नरातच असतात.

एंजल ज्याला हवाच असेल त्याने दीड फूट उंचीची टाकी घ्यावी आणि बाकीची निवड एंजलभोवती करावी. एंजल सिक्लिड कुळातला आहे, दिसतो तितका साधा नाही. तोंडात मावेल तो मासा त्याला खाणं वाटतो आणि सडपातळ निऑन तर त्याच्या मूळ पाण्यातही त्याचं भक्ष्य. लहानपणी एकत्र आणलेले निऑन वर्षभराने एकेक करून नाहीसे होतात आणि घरचे म्हणतात, मासे गेले कुठे? त्याच्याबरोबर अंगाने उंच असणारे ब्लॅक विडोसारखे टेट्रा ठेवतात, पण विडोला पर चावण्याची खोड असते. मला बोझमन रेनबो किंवा तळाला कोरिडोरास अधिक बरे वाटतात. पाच-सहा लहान एंजल एकत्र वाढवले की त्यातली एक जोडी आपली आपण जमते. जमली की ती अर्ध्या टाकीवर हक्क सांगते आणि बाकीच्यांना तिथून हलवावंच लागतं. हा खर्च आणि ही जागा आधी धरून चालावं.

गोल्डफिश हा तर वेगळाच विषय. आपल्याकडे किती तरी टाक्या वास्तूसाठी किंवा फेंगशुईसाठी येतात आणि त्यात आठ सोनेरी आणि एक काळा असा नऊ गोल्डफिशचा नेम सांगितला जातो. श्रद्धेवर मला काही म्हणायचं नाही. पण गोल्डफिश वीतभर वाढतो, त्याला जठर नसतं, तो सतत खातो आणि सतत विष्ठा करतो. दोन फुटी टाकीत नऊ गोल्डफिश म्हणजे अमोनियाचं कुंड. ते एकेक करून मरतात, त्यांच्या जागी नवे येतात आणि घरावरचं संकट माशाने अंगावर घेतलं असं समाधान मानलं जातं. त्या समाधानापोटी वर्षानुवर्षं मासे गुदमरतात हे मला बघवत नाही. दोन फुटी टाकीत गोल्डफिश ठेवूच नयेत, चार फुटीत चार पुरेत, आणि त्यांच्याबरोबर दुसरी कोणतीही जात नको. पुण्या-नाशिकचा हिवाळा त्यांना मानवतो, मुंबईचा मे सोसवत नाही.

फायटरही असाच, एकट्याने राहणारा. त्याच्या टाकीत गप्पीचा नर सोडला तर ती रंगीत शेपटी त्याला दुसरा फायटर वाटते. केरळच्या नद्यांमधला वाटाण्याएवढा पफर हल्ली बराच विकला जातो. तोही गोंडस आणि तितकाच दुसऱ्यांचे पर कुरतडणारा, त्याला स्वतंत्र टाकी द्यावी. रंग टोचलेले, अंगावर गुलाबी-हिरवे ठिपके भरलेले काचमासे आणि रंगवलेले पॅरट मात्र कोणत्याच टाकीसाठी घेऊ नयेत. सुईने रंग भरण्यात अर्धे मरतात की पाऊण, हा प्रश्न दुय्यम आहे. विकत घेणारा आहे म्हणून ते टोचले जातात.

सह्याद्रीच्या माशांबद्दल आपल्या टाकीवाल्यांत अजून पुरेशी आस्था नाही, याचं मला वाईट वाटतं. गोवा-कर्नाटकाच्या घाटातल्या इंडिगो बार्बची शास्त्राला ओळख 1992 साली बी. एफ. छापगर आणि एस. आर. साने यांनी करून दिली. छापगर हे मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचे क्युरेटर होते. 1951 साली उघडलेल्या त्या मत्स्यालयाच्या काचांना नाक लावून मुंबईच्या कित्येक पिढ्यांनी माशांचा नाद लावून घेतला. डेनिसन बार्ब, लाल-काळ्या पट्ट्यांचा, जगभरच्या टाक्यांत गेलेला मासा, मूळचा केरळ आणि दक्षिण कर्नाटकाकडच्या घाटनद्यांचा. 2013 साली त्याच्यासाठी सह्याद्रिया ही नवी प्रजाती ठरवली गेली. ती ठरवणाऱ्यांत पुण्यात काम केलेले नीलेश डहाणूकर होते. हा मासा संकटग्रस्त आहे. शिवाय तो वाहत्या, गार पाण्यातला, बोटभराहून लांब होणारा आणि थव्याने पळणारा. चार फुटांहून लहान टाकीत किंवा मुंबईच्या उकाड्यात तो सुखी राहत नाही. सह्याद्रीचा आहे म्हणून आपल्या दिवाणखान्यात शोभेल असं नाही.

कृष्णेच्या वरच्या खोऱ्यातली पट्टेरी झेब्रा लोच मात्र मध्यम टाकीला साजेशी आहे. तीन-साडेतीन इंचांच्या पुढे ती जात नाही, अंगावर सोनेरी-काळे बारीक पट्टे, आणि टाकीत गोगलगायी माजल्या तर त्या फस्त करते. पाच-सहा एकत्र ठेवल्या की दगडाखालच्या एकाच फटीत एकमेकींवर रेलून पडतात. पण तीही आययूसीएनच्या यादीत संकटग्रस्त आहे आणि बाजारात बऱ्याचदा नदीतून पकडलेलीच येते. इथे माझा आग्रह आहे की दुकानदाराला 'फार्मचा का नदीचा?' हे विचारावं आणि उत्तर मिळालं नाही तर घेऊ नये. गिऱ्हाइकं विचारू लागली की व्यापारी पैदाशीच्या मागे लागतात. आजवर शोभेच्या माशांच्या बाबतीत असंच घडत आलं आहे.

निवड ठरली तरी सगळे एकदम आणायचे नाहीत. टाकी लावली, फिल्टर सुरू केला की अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात वसायला चार ते सहा आठवडे लागतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट दर आठवड्याच्या पाणीबदलात निघून जातं. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने 1850 च्या सुमारास दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एका टाकीत ठेवून पाहिली. पानं कुजू लागली आणि पाणी गढूळ झालं, तेव्हा त्याने कुजकी पानं खाणाऱ्या गोगलगायी आणून सोडल्या आणि टाकी सावरली. जिवाणूंचं काम तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. पण एकाचा कचरा दुसऱ्याच्या कामी यायला हवा हे त्याने ओळखलं होतं, आणि घरगुती टाकीची सुरुवात त्या जुळवाजुळवीतून झाली.

आधी सौम्य आणि भित्रे मासे आणावेत, त्यांना दडायच्या जागा सापडू द्याव्यात. हक्क गाजवणारा सगळ्यात शेवटी यावा. एखादा आधीपासून दादागिरी करत असेल तर नवे सोडण्यापूर्वी दगड-लाकडं हलवून मांडणी बदलावी. ओळखीच्या खुणा गेल्या की त्याचा हक्कही सैलावतो. प्रत्येक नवा मासा दोन-तीन आठवडे वेगळ्या लहान टाकीत ठेवावा. अंगावर मिठाचे खडे चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो रोग तिथेच थांबतो. जागा नाही म्हणून हे टाळणारे पुष्कळ आहेत. पण फिल्टर लावलेला प्लॅस्टिकचा मोठा टबदेखील चालतो आणि तो गॅलरीत मावतो.

आणि चुकीचा मासा आलाच तर? पंगास टाकीत मावेना, सकर वनस्पती उपटू लागला, ऑस्करने शेजारी गिळले, की बऱ्याच घरांत दयेपोटी ते तळ्यात किंवा नदीत सोडले जातात. सोडलेल्या सकरने आंध्र-तेलंगणातल्या जलाशयांपासून आपल्या उजनीपर्यंत काय केलं ते तिथल्या मच्छीमारांना विचारावं. काटेरी परांनी जाळी फाटतात, विक्रीचे मासे कमी होतात आणि सकर कोणी विकत घेत नाही. 2023 साली श्रीनगरच्या दल सरोवरात अमेरिकेतला अ‍ॅलिगेटर गार सापडला, तोही कोणाच्या तरी टाकीतूनच आलेला असणार. बहुतेक जुने दुकानदार वाढलेला मासा परत घेतात, काही जण त्याच्या बदल्यात लहान मासे देतात. पैसे देण्यापूर्वी तेवढं विचारून ठेवावं. हा किती मोठा होतो, किती जणांत राहतो, आणि वाढला तर तुम्ही परत घ्याल का. ज्या दुकानात या तिन्ही प्रश्नांना सरळ उत्तरं मिळतात, तिथलाच मासा घ्यावा.